रिकामा गाल

मंगळवार, ४ मार्च

लिहायची मला सवय नाही. दवाखान्यातली लोरेंझा नर्स म्हणाली, तंबाखूची तलफ आली की हाताला काम द्या, वहीत लिहा, मनात काय चाललंय ते. मी म्हटलं, बाई, मी बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा माणूस, माझ्या मनात काय चाललंय ते मलाच कधी कळत नाही. ती म्हणाली, मग तर लिहाच.

तर झालं असं. दाढ ठणकत होती म्हणून कोरोरला, शहरातल्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरनं दाढेकडे बघितलंच नाही. डावा गाल बाहेर ओढून आत बॅटरी मारत बसला, मग हातात आरसा दिला. पान जिथं बसतं बरोबर तिथं पांढरा चट्टा. बोटानं पुसून बघितला, पुसत नाही. म्हणाला, तंबाखू आजपासून बंद, आणि सुपारीसुद्धा. महिनाअखेर परत या. चट्टा विरला तर उत्तम. नाही विरला तर तुकडा काढून तपासायला परदेशी पाठवू.

मामाचाही डावाच गाल होता. जानेवारीत त्याला पुरला. शेवटी शेवटी मावशी त्याला चमच्यानं नारळाचं पाणी पाजायची आणि ते गालातून बाहेर यायचं.

कुणाला सांगायचं नाही असं ठरवलंय. सातोकोलाही नाही. बायकोला सांगितलं की तासाभरात मावशीला कळणार, मावशी मामाच्या आठवणीनं ऊर बडवणार, आणि मग गाव माझ्या तोंडात डोकवायला येणार. चट्टा गेला की हसत हसत सांगेन. नाही गेला तर तेव्हाचं तेव्हा बघू. तोवर तंबाखूला शिवायचं नाही, बस.

पानाची टोपली जवळ असली की हात आत जाणार, हे मला पक्कं ठाऊक. सुपारी घेतली की चुना, चुना लावला की पान, आणि पान दुमडलं की त्यात अर्धी सिगरेट. सिगरेट आम्ही ओढत नाही, मोडतो. म्हणून येताना वाटेत तेलेईच्या घरी गाडी थांबवली. घरात कुणी नव्हतं. ओसरीवरच्या खुर्चीत टोपली ठेवली, आतल्या सगळ्या सामानासकट, आणि निघालो. टोपली चांगली आहे, गेल्या वर्षी मावशीनं स्वतः केवड्याच्या पातीची विणून दिली होती. तेलेई मावशीचाच मुलगा, म्हणजे घरची वस्तू घरातच राहिली. शिवाय त्याला आता चांगली टोपली लागणारच. मामाचं पद, घराण्याच्या प्रमुखाचं, त्याला मिळालंय, ते मामाकडून भाच्याकडेच जातं. आमच्याकडे पद कुणी घ्यायचं ते घराण्यातली थोरली बाई ठरवते, आणि थोरली आता मावशी. गेल्या महिन्यात तिनं जाहीर केलं, मला दुकानात गल्ल्यावरच्या बाईकडून कळलं. तेलेई माझ्याहून नऊ वर्षांनी लहान आहे. माझी आई मावशीची थोरली बहीण होती. असो.

एवढं लिहीपर्यंत हात दोनदा काखेकडे गेला. टोपली तिथं असते. असायची.

बुधवार, ५ मार्च

डोकं जड झालंय. डोळ्यांपुढे सगळं हललेलं दिसतं. सकाळी दुरुस्त केलेली बोट पाण्यात सोडली आणि तिच्या तळाचं बूच लावायलाच विसरलो. बोटवाला बिचारा धक्क्यापासून थोडा पुढे गेला आणि घोट्यापर्यंत पाण्यात उभा राहून माझ्या नावानं शंख करायला लागला. तीस वर्षांत असं कधी झालं नाही. ओढून आणली. मीच त्याच्यावर ओरडलो, बोटीत बसायच्या आधी बघायला काय होतं म्हणून. तो आ वासून बघत राहिला.

दुपारी सातोकोनं विचारलं, "टोपली कुठाय रे?"

"दिली."

"दिली? कुणाला?"

"तेलेईला. त्याच्या ओसरीवर ठेवून आलो."

"काय बोललास त्याला?"

"घरी नव्हता. काय बोलायचंय त्यात?"

सातोको हातातलं भांडं तसंच धरून उभी राहिली. मग आत गेली. एका टोपलीचं एवढं वाईट वाटायचं कारण काय? मावशी दुसरी विणून देईल की.

शुक्रवार, ७ मार्च

तोंडाला सारखं पाणी सुटतं. गाल रिकामा असला की जीभ तिथं जाऊन चट्टा चाचपत बसते. पेरू खाल्ला, आलं चघळलं, नारळाची शेंडी चावली. सातोको म्हणाली, बकरी झालायस का.

संध्याकाळच्या आधी तेलेई आला. हातात एवढा थोरला टुना, अख्खा. ओसरीच्या कडेला बसला, वर नाही आला. पूर्वी हाच पोरगा विचारायच्या आधी माझ्या भांड्यातला भात खायचा.

"दादा, बरा आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय?"

मग त्यानं स्वतःची टोपली पुढे सरकवली. सुपारी ओली, हिरवीगार. चुन्याचा वास आला आणि माझ्या जबड्यात कळ उठली. म्हटलं, "नको."

"नको?"

"नको म्हटलं ना एकदा!"

आवाज जरा चढलाच. त्यानं टोपली मागे घेतली, खाली बघत बसला. मग म्हणाला, "दादा, काही चुकलं असेल तर..." उठून गेला. टुना ठेवून गेला. इतका मोठा मासा दोघांना कशाला, ते काही सांगितलं नाही. विकला असता तर पेट्रोल सुटलं असतं त्याचं.

त्याचं काय चुकणार? मला काही कळलं नाही.

शनिवार, ८ मार्च

आज काही नाही. शेजाऱ्याच्या कोंबड्याला पाना फेकून मारला. लागला नाही. पाना मात्र चिखलात गेला तो गेला.

सोमवार, १० मार्च

लोरेंझा नर्स म्हणाली होती, पहिला आठवडा चिडचिड होईल, मग ओसरेल. माझी वाढतेय. आणि विचित्र म्हणजे ती ठरावीक वेळीच उसळते. इंजिन उघडून बसलं की शांत असतो. दुकानात पीठ आणायला गेलो, तिथं गल्ल्यावरची बाई तेलेईचं नाव न घेता त्याच्या नव्या पदाच्या नावानं बोलली. अजून मेजवानी व्हायचीय, पद अंगावर यायचंय, आणि हिची घाई बघा. माझं अंग तापलं. पीठ तिथंच ठेवून घरी आलो. सातोकोनं विचारलं, पीठ? म्हटलं, संपलं होतं. हे सगळं तंबाखूचं. दुसरं काय असणार? पद कुणाला मिळालं याचं मला सुखदुःख नाही. हे मी मावशीलाही सांगितलं असतं, तिनं विचारलं असतं तर.

घरी आल्यावर सातोको मागच्या दाराशी फोनवर कुजबुजत होती. "हो ना. धड जेवत नाही. तोंड मिटून बसतो. कोंबड्यालासुद्धा मारायला धावला. नाही हो मावशी, मला एक अक्षर बोलला नाही." मला बघून फोन ठेवला.

"मावशीला काय सांगत होतीस?"

"काही नाही. मेजवानीच्या अळकुड्यांचं."

अळकुड्यांचं बोलताना कुणी रडतं का? नाक लाल झालं होतं तिचं. मी विचारलं नाही. मावशी मामाच्या आठवणीनं रडली असेल आणि हिलाही रडू आलं असेल, असं धरून चाललोय.

बुधवार, १२ मार्च

खरं लिहायचं म्हणून लिहितो. आज हत्यारांच्या पेटीत, स्पॅनरच्या खाली, मोडलेली अर्धी सिगरेट सापडली. कागद पिवळा पडलेला. आधी नुसता वास घेतला. मग कागद सोडवून चिमूट गालात ठेवली. डाव्याच. हात कसा गेला मला सांगता येणार नाही. थोडा वेळ इतकं बरं वाटलं, इतकं बरं, की मी इंजिनाला टेकून डोळे मिटले. सगळ्यांना माफ केल्यासारखं वाटलं. कुणाला, कशाबद्दल, कोण जाणे. मग मामाचा गाल आठवला. धावत धक्क्यावर गेलो, थुंकलो, समुद्राच्या पाण्यानं गुळण्या केल्या, बोट घालून घालून तोंड धुतलं. ओकारी आली.

आता डॉक्टरला हे सांगायचं की नाही? एका चिमटीनं चट्टा वाढतो का? आणि हे माफीचं काय मधेच? माझ्या डोक्यात गाळ साचलाय. इंजिनातला तरी दिसतो.

शुक्रवार, १४ मार्च

आज मावशीकडून अळकुड्या आल्या, गुलाबी गराच्या. हा वाण ती स्वतःच्या शेतातून काढते आणि पाहुण्यांशिवाय कुणाला देत नाही. वर भाजलेल्या डुकराचा मानाचा वाटा. आमच्या घरी ना लग्न ना मर्तिक. गेल्या शुक्रवारी टुना, आज हे. शेजारीण बांधावरूनच म्हणाली, "घे रे सुमांग, मन मोठं कर." मी म्हटलं, मन मोठं आहे, पोट लहान आहे. ती हसली नाही.

मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्यांना कळलंय! मी तंबाखू सोडलीय हे सगळ्यांना कळलंय आणि मला धीर यावा म्हणून हे चाललंय. कोरोरला कुणीतरी मला लोरेंझाच्या खोलीत बघितलं असणार. मला एकदम गहिवरून आलं. किती चांगली माणसं आहेत आपली. आणि मी कोंबड्यावर पाना फेकतोय.

सातोकोला म्हटलं, "सगळ्यांना कळलंय वाटतं माझं."

ती चुलीपाशी होती. वळून बघितलं. "कळणार नाही होय? लपून राहतं का असलं काही?"

"मग कुणी उघड बोलत का नाही?"

"आधी तू बोलायला हवं ना रे. ते कसे बोलतील?"

"वेळ लागेल गं. एकदम नाही जात ते. अंगात मुरलेलं असतं."

"माहीत आहे मला," ती म्हणाली आणि डोळ्याला पदर लावल्यासारखा हाताचा पंजा लावला. "किती वर्षांचं साठलंय. पण त्या पोराचा काय दोष त्यात?"

पोराचा? कुठल्या पोराचा? विचारणार होतो, पण ती नाक शिंकरत बाहेर गेली. अळूच्या पानांची आमटी करपली. आम्ही तशीच खाल्ली.

रविवार, १६ मार्च

चर्चमध्ये माझ्या बाकावर बसलेली माणसं मला बघून सरकली. एवढी जागा दिली की मी एकटाच बसलो. बाहेर तेलेई वाट बघत उभा होता.

"दादा, शनिवारी मेजवानीला माझ्या उजव्या हाताला बसशील ना?"

"तुझ्या उजव्या हाताला?" मी म्हटलं. साधंच विचारायचं होतं. पण ते इतक्या जोरात बाहेर आलं की चर्चच्या पायरीवरच्या बायका वळून बघायला लागल्या. "मी कुठं बसायचं ते आता तू सांगणार?"

त्याचा चेहरा उतरला. मला त्याची दया आली आणि त्याच वेळी असं वाटलं की अजून दोन शब्द सुनवावेत. हा मी नव्हेच. लोरेंझाला फोन करून विचारलं, बाई, तंबाखू सुटली की माणूस आपल्याच माणसांवर भुंकतो का? ती म्हणाली, भुंकतो थोडा. म्हटलं, एकाच माणसावर? त्यावर ती म्हणाली, तो माणूस कोण आहे? मी फोन ठेवला. तिला काय करायच्यात चौकशा.

मंगळवार, १८ मार्च

जे झालं ते नीट लिहायचा प्रयत्न करतो. मला अजून त्याचा पुरता उलगडा झालेला नाही.

सकाळी निरोप आला, मावशीनं बोलावलंय, सातोकोलाही घेऊन ये. मला वाटलं मेजवानीच्या कामांचं असेल. गेलो तर ओसरीवर मावशी, तेलेई आणि घराण्यातल्या दोन म्हाताऱ्या बसलेल्या. चटईच्या मधोमध माझी टोपली.

मी म्हटलं, "अरे, ही मी तुला दिली होती."

"माहीत आहे दादा," तेलेई म्हणाला. "म्हणूनच."

मावशीनं टोपलीतून सुपारी काढली, दातानं फोडली, चुना घातला, पान दुमडलं, सिगरेट मोडून अर्धी आत सारली. मावशी स्वतःच्या हातानं पान लावून देते ते फार मोठ्या माणसाला. तिनं ते तेलेईच्या हातात दिलं आणि त्यानं दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं. सातोकोनं माझी बाही पकडली.

"हे घे सुमांग," मावशी म्हणाली. "पद कुणाला का मिळेना, तू या घरातला थोरला मुलगा आहेस. रागानं घर सोडू नकोस. मी हात जोडते."

"घर कोण सोडतंय?"

"मग हे काय?" तिनं टोपलीवर थाप मारली. "मी विणलेली टोपली माझ्याच पोराच्या दारात आणून टाकलीस. पद जाहीर झाल्यावर महिन्याच्या आत. एक शब्द न बोलता. त्यानं पान पुढे केलं तर नाकारलंस. याचा अर्थ नातं तोडलं असा होतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं रे!"

तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. टुना, अळकुड्या, डुक्कर, चर्चमधला रिकामा बाक. मी इथं जन्मलो, इथं केस पिकले, आणि मी कुणाच्या दारात काय ठेवून आलो याचा मला पत्ता नव्हता! कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला.

पण पान अजून माझ्यापुढेच होतं. इतक्या दिवसांनी इतक्या जवळ. वास नाकात शिरला आणि तोंडात पाणी भरलं. घेतलं असतं तर सगळं तिथंच मिटत होतं. एक पान काय, कुणी मरत नाही, असं मी मनात म्हटलं आणि ते हातात घेतलंसुद्धा. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. ओठांपर्यंत नेलं. जीभ आपोआप चट्ट्यावर गेली. आणि मी पान खाली चटईवर ठेवलं.

एक म्हातारी "अगं आई गं" म्हणाली. तेलेईच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तसं नाही," मी म्हटलं. "मला चालत नाही. गालात चट्टा आलाय."

कुणाला काही कळेना. म्हणून मी मावशीसमोर बसलो आणि आ केला. तिनं तेलेईचा फोन घेतला, त्याची बॅटरी लावली, माझा जबडा धरला. तिच्या बोटांना चुन्याचा वास होता. फार वेळ बघत राहिली.

"मामाचा असाच होता का?" मी विचारलं.

"त्याची सुरुवात कुणी बघितलीय?" ती म्हणाली. "आम्ही बघितला तेव्हा गालाला भोक होतं."

सातोकोनं मला पाठीत धपाधप मारायला सुरुवात केली. "मला नाही सांगितलंस! गाढवा! मला वाटलं मानासाठी झुरतोयस, आणि तू हे घेऊन फिरतोयस?" मारता मारता रडायला लागली. मग मी सगळं सांगितलं, डॉक्टरचं, लोरेंझाचं, टोपली का दिली ते. हत्यारांच्या पेटीतलीही चिमूट सांगून टाकली.

तेलेई आधी ऐकत राहिला, मग एकदम हसायला लागला. डोळे पुसत हसत होता. "म्हणजे दादा, तू रागावलेला नव्हतासच? टोपली नुसती तलफ टाळायला? अरे, मी दोन आठवडे झोपलो नाही! मी आईला म्हटलं, मला पद नको, दादा घर सोडून जातोय!" म्हाताऱ्याही हसायला लागल्या. मीही हसायला तोंड उघडलं.

आणि म्हणालो, "रागावलोय."

हे कोण बोललं ते मला क्षणभर समजलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते म्हणजे मीच बोललो असणार. मग थांबताच येईना. म्हटलं, माझी आई थोरली होती. मी थोरला आहे. मामाला दर आठवड्याला कोरोरला मी न्यायचो, त्याची घाण मी धुतली, तो गेला तेव्हा त्याचा हात माझ्या हातात होता. आणि पदाचं मला गल्ल्यावरच्या बाईकडून कळतं? मला कुणी विचारलंसुद्धा नाही! माझा आवाज फाटला. एवढं सलग मी आयुष्यात कुणासमोर बोललो नसेन.

"विचारलं होतं," मावशी म्हणाली.

"कधी?"

"याच ओसरीवर. मामाला पुरून आठवडा झाला होता. तू तिथं खांबाला टेकून बसला होतास. मी म्हटलं, सुमांग, पद तू घेशील की तेलेईला देऊ? तू पान या गालातून त्या गालात सारलंस आणि मान हलवलीस. मी परत विचारलं, देऊ ना तेलेईला? परत मान हलवलीस. मग थुंकायला उठून गेलास."

थुंकायला उठलेलं मला आठवतं. पायरीवर मांजर होतं, तेही आठवतं. प्रश्न आठवत नाही. मान हलवली असेन. चघळताना ती हलतेच. ती हो होती, नाही होती, का नुसतीच होती, हे आता मला कोण सांगणार?

"नको असतं तर बोलला असतास, असं मला वाटलं," मावशी म्हणाली. "तू बैठकीत कधीच बोलत नाहीस. मी म्हटलं, याला यातलं काही नकोय. मिठाची गुळणी धरून बसणाऱ्याला मी अजून किती वेळा विचारायचं?"

मी म्हटलं, "परत विचार."

तेलेईचं हसू मावळलं. शनिवारची आमंत्रणं गेली होती, डुकरं ठरली होती, गावोगावचे पाहुणे यायचे होते. मी हो म्हटलं असतं तर त्याची शोभा झाली असती, आणि मावशीचीही. त्या बाईनं मुलाकडे बघितलं. ती नाही म्हणू शकली असती. ती उठली, झग्याची घडी नीट केली, परत ताठ बसली आणि बैठकीत बोलतात तशी बोलली, "मिचिएच्या थोरल्या मुला, सुमांग, तुझ्या मामाचं पद तू घेतोस का?"

आईचं नाव तिच्या तोंडून कित्येक वर्षांनी ऐकलं. माझं तोंड पूर्ण रिकामं होतं, कोरडं पडलेलं. चघळायला काही नव्हतं, सारायला काही नव्हतं, उठून थुंकायला जायचं तर काही निमित्त नव्हतं. मला विचार करावा लागला. खरोखर करावा लागला. गावाच्या बैठका, भांडणं, दुसऱ्यांच्या जमिनीचे बांध, दर मर्तिकाला पहिल्या रांगेत बसणं. आणि तेलेईला हे सगळं आवडतं, लहानपणापासून.

"नाही घेत," मी म्हटलं. "तेलेईला दे."

मग मी लहान पोरासारखा रडलो. तेलेई माझ्या गळ्यात पडला, तोही रडला. सातोको दोघांना शिव्या देत होती. पद नको होतं, मग इतके दिवस मला हवं तरी काय होतं? घरी येईपर्यंत गाडीत विचार करत होतो. उत्तर जवळ आल्यासारखं वाटतं आणि निसटतं.

रविवार, ३० मार्च

मेजवानी झाली. उजव्या हाताला मी बसलो, मला सांगितलं म्हणून नव्हे, मी ठरवलं म्हणून. सगळे चघळत होते, मी आलं चघळत होतो. सांडपाण्याच्या चरावरून वाद निघाला तेव्हा मीही बोललो. जरा जास्तच बोललो असं सातोको म्हणते. एक म्हातारा माझ्याकडे वळून म्हणाला, "अरे, याला आवाज आहे की!"

तलफ अजून येते. कमी झालीय असं लिहावंसं वाटतं, पण आज सकाळी दुसऱ्याच्या थुंकीचा लाल डाग बघून पाय तिथं थांबले, हेही खरं. चट्टा मी रोज आरशात बघतो. एके दिवशी लहान वाटतो, दुसऱ्या दिवशी तेवढाच. सातोको म्हणते लहान झालाय, पण तिचं काय, ती म्हणणारच. मला रात्री भीती वाटते. ते मी तिला सांगितलं, आणि तिनं ऐकून घेतलं.

उद्या कोरोरला डॉक्टरकडे जायचंय. मावशीही येणार म्हणून हटून बसलीय. मामाच्या वेळी आपण डॉक्टरला काही विचारलंच नाही, हे तिच्या मनाला लागून राहिलंय. आत्ता येऊन सांगून गेली, "तू गप्प बसायचं. चट्टा कशाचा, कापायचा का, कापला तर पुढे काय, सगळं मी विचारते त्याला."

मी म्हटलं, "मावशी, तू शेजारी बस. तोंड माझं आहे, मी विचारीन."